मौनाचे उत्तरदायित्व : दुष्काळ, वाङ्मय आणि वाङ्मयेतिहास

समाजावर कोसळलेल्या आपत्तीविषयी त्या समाजाचे वाङ्मय बोलले नाही, तर त्या मौनाला नैतिक दोष मानावे काय? लेखकाने अमुक विषयावर लिहिलेच पाहिजे असा दंडक घालता येत नाही. तसा घातल्यास वाङ्मयाचे रूपांतर प्रचारात होण्यास वेळ लागत नाही. उलटपक्षी, लेखकाचे स्वातंत्र्य एकदा मान्य केले की वाङ्मयाच्या मौनाविषयी प्रश्नच उपस्थित करता येत नाही, हाही निष्कर्ष घाईचा ठरतो. या दोहोंमधील अवकाशाचा विचार करण्यासाठी १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ आणि त्या काळातील मराठी गद्य यांचा संबंध तपासणे उद्बोधक ठरते.

या दुष्काळाची व्याप्ती मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर आणि हैदराबाद एवढ्या विस्तृत प्रदेशावर होती. केवळ ब्रिटिश मुलखातील मृत्यूंचा सरकारी आयोगाचा अंदाजही पन्नास लाखांच्या पुढे जातो. त्याआधीच, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दस्तऐवजांची होळी केली होती. दुष्काळाच्या काळात रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मदतकामांवरील मजुरी घटवण्यात आली, आणि १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील मजुरांनी अशा कामांवर बहिष्कार टाकला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून दुष्काळाचे वृत्तांत सरकारदरबारी सादर केले. त्यामुळे तत्कालीन सुशिक्षितांना परिस्थितीचे ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही. ज्ञान होते, ते मांडण्यासाठी त्यांनी अर्ज, निवेदन आणि अहवाल हे प्रकार निवडले होते.

याच दशकात मराठी गद्याला प्रौढ रूप येत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ मध्ये सुरू झाली आणि १८८१ पर्यंत चालली. कादंबरीच्या क्षेत्रात मात्र ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी रूढ केलेल्या अद्भुतरम्यतेचा प्रभाव होता. कादंबरीला सामाजिक प्रश्न वर्ज्य होता असे नव्हे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विधवांचे दुःख हाच विषय आहे. म्हणजे दुःखाला वाङ्मयात प्रवेश होता; परंतु कोणाचे दुःख ‘विषय’ होऊ शकते याविषयी एक अलिखित निवड अस्तित्वात होती. घरातील दुःख कादंबरीत आले. शेतातील दुःख अहवालाकडे सोपवले गेले. प्रस्तुत प्रश्नाचा गाभा या विभागणीत आहे.

निबंधमालेच्या अखेरच्या ‘आमच्या देशाची स्थिति’ या निबंधाचा या संदर्भात विचार करता येतो. पारतंत्र्याने आलेली तेजोहानी आणि आत्मसन्मानाचा लोप ही त्या निबंधाची प्रमुख चिंता आहे, आणि तिचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली, यावरूनही त्याचा प्रभाव ध्यानात येतो. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातही एका ‘स्थिती’चेच निरूपण आहे, पण येथे जमाबंदी, हप्ते, कर्ज, पाटबंधारे, जंगलखाते आणि कचेरीतील कारकून या तपशिलांमधून ती उलगडते. दोन्ही लेखक देशाविषयीच बोलत आहेत. भेद आहे तो ‘आमच्या’ या सर्वनामाच्या व्याप्तीत. एकाचा ‘आम्ही’ गतवैभवाच्या स्मृतीने बांधला गेला आहे, तर दुसऱ्याचा श्रमाच्या आणि शोषणाच्या अनुभवाने. राष्ट्राच्या इतिहासात यांपैकी कोणता ‘आम्ही’ कर्ता मानावा, हा प्रश्न भाषिक दिसत असला तरी तत्त्वतः नैतिक आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. फुले यांचे लेखन समाजचिंतन म्हणून कितीही श्रेष्ठ असले तरी ते वाङ्मय नव्हे. सबब वाङ्मयेतिहासाने त्याला गौण स्थान दिले यात अन्याय कोणता? स्वायत्ततावादी सौंदर्यविचाराच्या वर्चस्वाच्या काळात हा आक्षेप बिनतोड वाटत असे. परंतु याच कसोटीवर निबंधमालाही वाङ्मयाबाहेर पडावयास हवी; तीही विचारप्रतिपादनच आहे. ती वाङ्मय ठरली, कारण तिची भाषा प्रमाण मानली गेली, आणि त्याच मालेत फुले यांच्या लेखनाची भाषेच्याही अंगाने थट्टा झाली. म्हणजे सौंदर्याची म्हणून जी कसोटी लावली गेली, तिच्यात सामाजिक प्रतिष्ठेची कसोटी मिसळलेली होती. ‘असूडा’तील शेतकऱ्याचे स्वगत, त्याच्या घरातील दैन्याचे वस्तुवार वर्णन आणि बोलीच्या लयीतून वाढत जाणारी दीर्घ वाक्ये यांचा गद्यशैली म्हणून विचार केल्यास हे स्पष्ट होते. त्या वाक्यांची लांबी हा रचनेचा दोष नसून कर्ता, कारण आणि परिणाम यांना एकत्र धरून ठेवण्याची ती रीत आहे. शेतकऱ्याच्या दैन्याला एकच शत्रू नसल्याने ते सांगणारे वाक्यही एका क्रियापदाशी लवकर थांबू शकत नाही.

फुले यांना या विभागणीची जाणीव होती. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना त्यांनी जी भूमिका घेतली, तिचा आशय असा की, सर्व मनुष्यांचे हक्क जे प्रत्यक्ष व्यवहारात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी शूद्रादिशूद्रांच्या सभांचे आणि ग्रंथांचे जुळणे शक्य नाही. हा नकार वाङ्मयाला नव्हता. ‘ग्रंथकार’ या संज्ञेची सीमा कोण आखतो, असा तो सवाल होता.

विषय वाङ्मयात आला म्हणजे उत्तरदायित्व संपते असेही नाही. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर हरिभाऊ आपटे यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा लिहिली. मराठी कथेने उपाशी शेतकऱ्याकडे गंभीरपणे पाहिल्याचे ते महत्त्वाचे उदाहरण होय. तेथे वाचकाची सहानुभूती जागृत होते. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) भुकेलेल्यांसाठी धान्य लुटणारा नायक येतो, आणि सहानुभूतीच्या जागी हक्काचा प्रश्न उभा राहतो. पहिल्या कृतीत वाचक साक्षीदार असतो; दुसरीत त्याला स्वतःच्या कोठाराचा हिशेब द्यावा लागतो. पहिलीचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र दुःखाचे चित्रण आणि दुःखिताचे कर्तृत्व यांतील अंतर लक्षात येते.

तात्पर्य, मौनाचा दोष एकेका लेखकावर लादणे अप्रस्तुत आहे. कोणताही लेखक सर्व काही लिहू शकत नाही. परंतु वाङ्मय ही संस्थाही असते. नियतकालिके, अभ्यासक्रम, कालखंडांना दिलेली नावे आणि समीक्षेच्या संज्ञा यांनी ती घडते. १८७४ नंतरच्या पर्वाला एका लेखकाचे नाव देणारा वाङ्मयेतिहास त्याच पर्वातील दुसरा आवाज परिशिष्टात ढकलतो, तेव्हा मौन लेखकाचे राहत नाही. ते समीक्षेने निर्माण केलेले असते. अशा मौनाचे उत्तरदायित्व निश्चितपणे सांगता येते, कारण तेथे पर्याय उपलब्ध होता: संहिता लिहिली गेली होती, केवळ वाचावयाची राहिली होती.

आज फुले अभ्यासक्रमात आहेत, त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या आवृत्त्याही उपलब्ध आहेत. तरीही त्यांना बहुधा विचारवंत म्हणून नेमले जाते आणि चिपळूणकरांना गद्यकार म्हणून. गौरव वाढला, पण विभागणी टिकून राहिली. ‘असूडा’चे एखादे पान निबंधमालेच्या पानाशेजारी ठेवून दोहोंची वाक्यरचना एकाच गांभीर्याने तपासली जाईल, तेव्हा या विभागणीला खरा छेद जाऊ लागेल. ते काम समीक्षेचे आहे, आणि त्यासाठी तिला आपली स्वायत्तता सोडावी लागत नाही. तिच्या संज्ञांमागील निवड तेवढी उघड करावी लागते.