पहिल्या माळेची शेवंती



आजचा श्लोक तुम्हाला पाठच असेल. गीता, अध्याय ९, श्लोक २६. पान, फूल, फळ, पाणी, भक्तीनं जे काही द्याल ते मी घेतो, असं भगवंत सांगतात तो. एवढ्याशा श्लोकात भक्ती हा शब्द दोनदा येतो, हे मला यंदा पहिल्यांदा जाणवलं.

नवरात्रासाठी यवतमाळला घरी आलोय. शहरात दुर्गोत्सवाचे मंडप, रोषणाई, ट्रॅफिक... आणि आमच्या अंगणात शरद ऋतू. पहाटे पारिजातकाचा सडा. खाली पडलेलं फूलही देवाला चालतं, ते हे. कंपाउंडवर निळी गोकर्ण, नळापाशी जास्वंद, मागे झेंडूला टपोऱ्या कळ्या. झेंडूची माळ सातवी, त्यामुळे त्याला अजून वेळ आहे. पहिली माळ पिवळी, शेवंतीची. आईची शेवंती लवकर येणारी, घटस्थापनेला दोन-चार फुलं तरी हमखास असतात.

यंदा एक कळी नाही. झाड हिरवंगार, कमरेएवढं वाढलेलं.

मी लगेच इंजिनिअरसारखा कामाला लागलो. खत? पाणी? मावा? सगळं ठीक. शेवटी वाचताना सापडलं. शेवंती दिवस लहान होण्याची वाट पाहते. खरं तर ती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली की कळी धरते आणि मध्येच उजेड पडला तर तिचा हिशेब चुकतो. शेवंतीचे शेतकरी हंगाम पुढे ढकलायला रात्री मुद्दाम बल्ब लावतात म्हणे.

आणि आमच्या अंगणात रात्रभर जळणारा एलईडी फ्लडलाइट जूनमध्ये मीच लावून गेलो होतो. बाबा गेल्यापासून आई एकटी असते. पुण्यात मला झोप लागायची नाही, म्हणून लाइट, कॅमेरा, सगळं एका दुपारी बसवलं. (बिल बघून स्वतःवर खूशही होतो.)

आईला सांगितलं. ती हसली. "मले वाटलंच होतं बाबू. पण तू एवढ्या हौसेनं लावला, कायले बंद करू?"

म्हणजे ती चार महिने पडद्याला चादर जोडून झोपत होती. आणि मी रोज फोनवर विचारायचो, "लाइट चालू आहे ना?" जेवलीस का, हे विचारायचं बरेचदा राहून जायचं.

याच श्लोकावर ज्ञानेश्वर माउलींनी फार गोड लिहिलंय. भक्तानं फूल दिलं तर खरं म्हणजे त्याचा वास घ्यावा, पण देव ते तोंडातच घालतो. फूल नसेल तर पान. तेही ताजं नको, वाळलेलं असलं तरी चालेल. मी हे आजवर 'देवाला काहीही चालतं' असं वाचत होतो. स्वस्तातली सोय. पण त्या ओव्यांमधला देव भुकेला आहे हो! त्याला देणाऱ्याची ओढ आहे, म्हणून हातात काय आलं हे तो बघतच नाही. आईनं माझा लाइट असाच घेतला होता.

घटस्थापनेच्या सकाळी मी म्हटलं, बाजारातून शेवंती आणतो, पाव किलो. ती म्हणाली, "आण. पण आपल्या झाडाचंबी काही पाहिजे." मग तिनं शेवंतीची पानं खुडली. चुरडली की काय वास येतो त्यांना! बाजारच्या फुलांमध्ये एकेक पान ओवलं आणि माळ घटावर बांधली.

लाइट आता सेन्सरवर टाकलाय, कोणी फाटकाशी आलं तरच लागतो. त्याचं तोंडही झाडावरून वळवलं. फुलं यायला दिवाळी उलटून जाईल बहुतेक. मी दसऱ्यानंतर निघणार होतो, ऑफिसला मेल टाकलाय, अजून काही आठवडे इथूनच काम करतो म्हणून. उत्तर आलेलं नाही.

काल रात्री आम्ही दोघं अंधारातच ओसरीवर बसलो होतो. पारिजातक उमलायला लागला होता.