एका प्रांताची यादी

एखाद्या रेस्तराँने आपली वाइनची सगळी यादी एकाच प्रांताला वाहिली, समजा इटलीतल्या पिएमोन्तेला, तर ती चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचं? जाणकार आधी मोठी नावं मोजतात: बारोलो किती, बार्बारेस्को किती, कोणकोणत्या सालांचे. दोन्ही नेब्बिओलो या एकाच द्राक्षाचे. बारोलोला तर किमान 38 महिने मुरावं लागतं, त्यांतले 18 लाकडी पिंपात. अशा बाटल्यांची रांग पैसा आणि ओळखी असल्या की कुणालाही लावता येते. मी ही यादी खालून वाचते. त्या प्रांतात रोजच्या जेवणाबरोबर बार्बेरा आणि दोल्चेत्तो चालतात. त्यांच्या बाटल्या निवडून आणल्यात की जागा भरायला ठेवल्यात, त्या ग्लासने मिळतात का, ग्रिन्योलिनोसारखी फिकट, विकायला अवघड वाइन कुणी हट्टाने ठेवली आहे का, हे पाहिलं की यादी करणाऱ्याचा जीव प्रांतावर आहे की त्याच्या प्रतिष्ठेवर, ते कळतं. ही सवय मला अनुवादामुळे लागली. 'प्रातिनिधिक' म्हणवणारे संग्रहही असेच वाचावे लागतात, शेवटच्या पानाकडून.

पण ही झाली चवीची कसोटी. अशा यादीत एक नैतिक प्रश्नही दडलेला असतो. तुम्ही टेबलाशी बसण्यापूर्वीच यजमानाने तुमच्या वतीने जगातल्या बाकी सगळ्या वाइनना नकार दिलेला असतो. हा अधिकार त्याला कुणी दिला? आणि मर्यादित ताटाला आदरातिथ्य कधी म्हणायचं, अरेरावी कधी?

या प्रश्नासाठी मला पिएमोन्तेपेक्षा ओरत्तनाडु जास्त उपयोगी पडतं. तंजावूरहून पट्टुकोट्टैला जाताना हे गाव लागतं. तिथे वाइनच्या यादीची आशा धरण्यात अर्थ नाही. तमिळनाडूत 2003 पासून दारूची किरकोळ विक्री सरकारी टास्मॅकच्या हाती आहे आणि तिथल्या रांगेत प्रांताची चौकशी कुणी करत नसावं. तिथे आहे ते मुक्तांबाळ छत्र. दुसऱ्या सरफोजी भोसल्यांनी आपल्या प्रिय सखीच्या नावाने 1800 च्या सुमारास उभारलेलं. छत्र म्हणजे मुळात सत्र, अन्नसत्र; तमिळमध्ये त्याचं चत्तिरम झालं आणि मराठीने त्याच्यावर छत्री धरली.

1799 च्या करारानंतर तंजावूरचा कारभार कंपनीकडे गेला. 1801 मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला छत्रांबद्दल पत्र लिहिलं: ही व्यवस्था तरी आमच्याकडे राहू द्या. त्यात छत्रांत काय चालतं याचा तपशील आहे. ब्राह्मणापासून परैयरांपर्यंत, जोगी, जंगम, बैरागी यांच्यासह प्रत्येक वाटसरूला शिजवलेला भात. ज्याला तो चालत नाही त्याला कोरडा शिधा आणि मसाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, की कुणी जेवायचं राहिलं असेल तर या. शिवाय वैद्य आणि पंतोजी; छत्रात आलेल्या परक्या अनाथ मुलांचा सांभाळ त्या पंतोजीकडे.

हे पत्र अर्थात वकिली आहे. हातचं काही टिकवू पाहणारा माणूस आपली उत्तम बाजूच मांडणार, आणि प्रत्येक रात्री घंटा वाजलीच असेल असं मी धरून चालत नाही. तरी त्याने मांडायला काय निवडलं ते महत्त्वाचं आहे. हा ग्रंथ जमवणारा, युरोपीय विद्येचा षोक असलेला राजा. त्याच्या दरबारात 'सरभेंद्र पाकशास्त्र' हा पाकग्रंथ मराठीत तयार झाला. इंग्रजावर छाप पाडायची तर पदार्थांची कमतरता नव्हती. त्याने भात लिहिला.

म्हणजे यादीत एकच ओळ, आणि तिला एकच पर्याय. त्या पर्यायापाशी मी अडखळते. कोरडा शिधा कुणासाठी? आजारी किंवा पथ्य असणाराही त्यात येत असेल. पण मुख्यतः दुसऱ्याच्या हातचं न खाणाऱ्यासाठी. यजमान इतका उदार की पाहुण्याची शिवाशिवही त्याने सोय म्हणून सांभाळली. आज आपण ज्याला मोठ्या कौतुकाने 'चॉइस' म्हणतो, तो या ताटात नेमका जातीच्या रेषेवर उमटलेला आहे. 'परैयरांपर्यंत' या शब्दावर खूश होऊन पुढे जाणं सोपं आहे. पत्र एवढंच सांगतं की सगळ्यांना मिळत होतं. पंगत एक होती असं ते म्हणत नाही.

मग शिधा द्यायलाच नको होता का? तसं म्हणायला मी धजत नाही. रामेश्वरला चाललेल्या भुकेल्या माणसाला, आधी तुझा सोवळेपणा सोड, मग जेव, असं सांगणारं छत्र सुधारकी ठरलं असतं. त्या रात्री एक माणूस उपाशी राहिला असता. शिधा देणारं छत्र त्याला जेवू घालतं आणि त्याची समजूत होती तशी ठेवतं. अन्नदात्याचं काम कुठे संपतं आणि न्यायाधीशाचं कुठे सुरू होतं, यावर माझं मत अजून हलतं. शिवाय हे सगळं फुकट नव्हतं. पाहुण्याने पैसे दिले नाहीत तरी कावेरीच्या खोऱ्यात कुणीतरी ते भात लावलं, कापलं, झोडलं होतं, आणि त्यांच्याविषयी राजाने काय लिहिलं हे मी त्या तपशिलात शोधत राहते.

वाइनच्या यादीकडे परत येताना मी दोनच गोष्टी सोबत आणते. एक, सर्वांत स्वस्त ओळ वाचणाऱ्याला यजमान कसा वागवतो. दुसरी, ज्याला यातलं काहीच नको आहे त्याच्यासाठी काय आहे. पहिलीचं उत्तर छापील पानावर सापडतं. दुसरीसाठी वेटरकडे साधं पाणी मागावं आणि त्याचा चेहरा पाहावा.