सिगारेट सुटली, गोडी उरली

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५९

या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की, जो विषयांपासून स्वतःला दूर ठेवतो त्याचे विषय सुटतात, पण त्यांची गोडी मागे राहते. परमतत्त्वाचं दर्शन झालं की मग ती गोडीही जाते.

सिगारेट सोडून मला चौदा महिने झाले. मागच्या रविवारी गावी, चांदवडला आलो होतो. रेणुकामातेचं दर्शन घेऊन खाली हायवेवर चहाला थांबलो. शेजारच्या ट्रक ड्रायव्हरने सिगारेट पेटवली. वास आला आणि माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात प्रसादाची पुडी होती.

गाडीत बायकोने सहज विचारलं, "तुला अजून इच्छा होते का रे?" मी म्हणालो, "छे, आता आठवणसुद्धा येत नाही." देवीच्या पायऱ्या उतरून अर्धा तासही झाला नव्हता!

खोटं का बोललो? कारण इच्छा होणं म्हणजेच हरणं, असं मी धरून चाललो होतो.

खरं तर निकोटीन काही दिवसांत शरीरातून निघून जातं. चिडचिड, झोपमोड हेही बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. उरतात त्या मनाने मारलेल्या गाठी : चहा आणि सिगारेट, जेवण आणि सिगारेट, रात्री सर्व्हर बंद पडला की सिगारेट. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याचा शॉर्टकट स्क्रीनवर राहतो, तसं. ही तलफ काही मिनिटं टिकते आणि आपण हाललो नाही तर ओसरते.

भगवंतांनी त्या उरलेल्या गोडीला पाप म्हटलेलं नाही. ती राहते, एवढंच सांगितलंय. एकादशीला भूक लागली म्हणून उपवास मोडला, असं माझी आजी कधी म्हणाली नाही. खाल्लं तर मोडतो.

पण लगेच पुढच्या श्लोकात इशाराही आहे : प्रयत्न करणाऱ्या जाणत्या माणसाचं मनही इंद्रियं बळाने ओढून नेतात. म्हणजे गोडी उरल्याची लाज नको, पण गाफीलही राहायचं नाही. इथे माउली झाडाचा दाखला देतात. पानं खुडत राहिलो आणि मुळाला पाणी घालत राहिलो, तर झाड मरणार कसं? मी सिगारेट ओढत नव्हतो, म्हणजे पानं खुडत होतो. "मी जिंकलो" हा तोरा आणि ही लपवालपवी, हे मुळाचं पाणी. लपवलेल्या इच्छेला अडवणारं कुणीच नसतं.

परमतत्त्वाचं दर्शन माझ्यासारख्याला कधी होईल, ठाऊक नाही. तोवर ती पाच मिनिटं नामात, पाणी पिण्यात, चालण्यात घालवणं माझ्या हातात आहे. आणि खरं बोलणंही.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये. टपरीवर तुझा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला होता. पुढच्या वेळी सांग, तेवढा वेळ आपण चालून येऊ."

तुमच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल, तर घरात एकाला तरी खरं सांगा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइनही आहे : १८००-११-२३५६.

आई रेणुके, गोडी जाईल तेव्हा जाईल. तोवर ती कबूल करायचं बळ दे.

रामकृष्ण हरि!