शेजाराची मुखत्यारी

महसूल खात्यात हयात घालवलेले भाऊसाहेब निवृत्तीनंतरही कोणत्याही सत्कार्याकडे ‘यात जमीन कोणाची गेली?’ याच दृष्टीने पाहतात. १८९७ पासून न्यूयॉर्कच्या मॉर्निंगसाइड हाइट्स या टेकाडावर उभे असलेले कोलंबिया विद्यापीठ आणि मधल्या उद्यानाचा कडा उतरताच लागणारी हार्लेमची वस्ती, यांचे परस्परांशी देणेघेणे काय असावे, याविषयी त्यांच्याशी झालेले हे बोलणे.

मी : ज्या संस्थेला सरकार मालमत्ता कर माफ करते ती संस्था आपल्या आवारापुरती खाजगी राहत नाही, असे मला वाटते. ही माफी म्हणजे एक इनामच. तिचा बोजा शहरातले इतर लोक, अगदी हार्लेमचा भाडेकरूसुद्धा, उचलीत असतात. आणि इनामाबरोबर चाकरी आलीच.

भाऊसाहेब : आली, पण ती कोणती, हे सनदेत लिहिलेले असते. देवस्थानाचे इनाम पूजाअर्चेसाठी, गावचे रस्ते बांधण्यासाठी नव्हे. विद्यापीठाची चाकरी विद्येची. आता तुम्हाला न आवडणारे एक विचारतो. १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर तिथे गेले आणि तीन वर्षे शिकले. पहिला हक्क शेजाऱ्याचा, असे त्या विद्यापीठाने मानले असते, तर महूला जन्मलेल्या त्या तरुणाने कोणत्या शेजाराच्या नात्याने तिथे पाऊल ठेवले असते? विद्यापीठ ज्यांचे देणे लागते ते बहुधा फार दूर असतात, कित्येक तर अजून जन्मायचे असतात. शेजारी तेवढा दारात उभा असतो, म्हणून त्याचाच आवाज ऐकू येतो.

या आक्षेपापाशी मी बराच वेळ अडलो, आणि पुढचे उत्तर देतानाही तो पुरता सुटला असे मला वाटत नव्हते.

मी : शेजाऱ्यांसाठी जागा राखून ठेवा असे मी म्हणत नाही. भले कोणाचे करायचे, ती निवड विद्यापीठाने खुशाल जगभरातून करावी. नुकसान मात्र दूरच्याचे होत नाही, शेजाऱ्याचेच होते. १९६८ च्या फेब्रुवारीत त्या सार्वजनिक उद्यानाच्या उतारावर व्यायामशाळेसाठी खोदकाम सुरू झाले : विद्यार्थ्यांना वरचे दार, हार्लेमकरांना कड्याच्या पायथ्याशी खालचे, आणि त्यांच्या वाट्याला इमारतीचा लहानसा हिस्सा. एप्रिलमध्ये, युद्धसंशोधनाविषयीच्या संतापात हाही संताप मिसळून, विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारतींचा कब्जा घेतला. पोलिसांनी सातशेच्या आसपास लोक पकडले. आणि शेवटी व्यायामशाळेचा बेत सोडावा लागला. त्या खड्ड्याचे पुढे तळे झाले.

भाऊसाहेब : वरून येणाऱ्याला वरचे दार, खालून येणाऱ्याला खालचे, हे उतारानेच ठरवले, असे त्यांचा वास्तुविशारद म्हणेल. हिस्सा किती द्यायचा, ते मात्र उताराने ठरवले नव्हते, हे मलाही कबूल. पण दारांचे प्रकरण सोपे आहे. त्यातले पाप उघड्या डोळ्यांना दिसते, म्हणून तुम्हा लिहिणाऱ्यांना ते आवडते. मॅनहॅटनव्हिलचे बोला.

मी : तिथे तर माझी बाजू अधिकच बळकट आहे. विद्यापीठाला उत्तरेकडे सतरा एकरांत नवे आवार बसवायचे होते. पुष्कळ मिळकती त्याने विकत घेतल्या. काही मालक, त्यांत पेट्रोल पंपवाले एक शीख कुटुंबही, विकायला राजी नव्हते. तेव्हा वस्तीला अवकळा आली आहे असे ठरवून राज्याने सक्तीच्या भूसंपादनाचे हत्यार उपसले. ही अवकळा विद्यापीठाच्याच ताब्यातल्या इमारतींत अधिक आहे, असे मालकांचे म्हणणे होते. तरी २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संपादन वैध ठरवले. ज्याच्यासाठी सरकारचा दंडुका उगारला गेला, त्याच्या डोक्यावर सरकारइतकी जबाबदारी येते की नाही?

भाऊसाहेब : येते. आणि ती त्यांनी कागदावर घेतलीही : २००९ साली पंधरा कोटी डॉलरांचा करार केला, घरांसाठी, शाळेसाठी, वस्तीच्या निधीसाठी. आता माझा प्रश्न ऐका. तो करार कोणाशी झाला? वस्तीच्या नावाने उभारलेल्या एका मंडळाशी. त्या मंडळाला मुखत्यारपत्र कोणी लिहून दिले होते? जे भाडेकरू आधीच्या दशकांत घरे सोडून गेले त्यांनी? ते तर आता शेजारीच उरले नाहीत.

मी : म्हणजे देणे कबूल, फक्त घेणेकरी सापडत नाही?

भाऊसाहेब : घेणेकरी बदलतो. ज्याचे घर गेले तो दूर कुठेतरी राहतो, आणि निधी मिळतो जो उरला त्याला. घर ज्याच्यामुळे गेले त्याचेच भाडेही कदाचित तो भरत असेल. खात्यात आम्ही हेच पाहत आलो. भरपाई सातबारावर नाव असणाऱ्याला. ज्या कुळाची नोंदच नव्हती ते भरपाईच्या दिवशी गावातही नसे.

मी : मग विद्यापीठानेच ती यादी करावी. जुनी कागदपत्रे धुंडाळून माणसे शोधणे हे तर संशोधकांचे रोजचे काम.

भाऊसाहेब : प्रतिवादीनेच पंचनामा करायचा?

मी : दुसरे करणार कोण? मंडळावर आपला विश्वास नाही, सरकार तर भूसंपादनात सामील.

भाऊसाहेब : करू दे तर मग. पण यादी पुरी होईपर्यंत नवी वीट चढवायची नाही, एवढी अट तुमचे विद्यापीठ लिहून देईल का, ते विचारून या. त्या वर्गखोल्यांत यंदा जो बसायचा, महूहून म्हणा की आणखी कुठून, त्याला थांब म्हणून मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा.