राजा पुढे, प्यादे मागे

मधल्या सुट्टीत आम्ही पट मांडला की कुणीतरी बुजुर्ग हटकतातच, "सर, पोरांना शतरंज शिकवता?" त्यांचे हटकणे गैर नाही. हनफी मतात हा खेळ नापसंत आहे. शाफई मतात शर्त नसेल, नमाज चुकत नसेल, तर तो हराम नाही. आम्ही या दोन्ही अटी पाळतो, आणि शिवी चालणार नाही ही तिसरी अट आमची.

आम्ही डावाची सुरुवात नव्हे, शेवट आधी शिकवतो. क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका याने 1921 सालच्या आपल्या पुस्तकात हीच रीत धरली. त्याच्या हजार वर्षे आधी, दहाव्या शतकात, बगदादच्या अस्-सूलीने डावाचे असे शेवट रचले होते. त्यांना 'मन्सूबा' म्हणत. मराठीतला 'मनसुबा' त्याच घराण्यातला.

समजा, पटावर दोन राजे आणि आपले एक प्यादे उरले आहे. पलीकडे पोचले की ते वजीर होईल. मुले घाईने प्यादे रेटतात. ते सातव्या घरात जाते, समोर दुसरा राजा ठाण मांडतो आणि आपला राजा तिरपा, एक घर मागे राहतो. खेळी आपली. राजाने साथ सोडली तर प्यादे मारले जाते. तो प्याद्याच्या पाठीशी आला तर समोरच्या राजाला हलायला घरच उरत नाही, आणि डाव बरोबरीत सुटतो. एका घरासाठी मेहनत पाण्यात. तोच राजा आधी प्याद्याच्या पुढे चालत सहाव्या घरात पोचला असता, तर खेळी कुणाचीही असो, प्यादे वजीर झालेच असते.

सुरुवातीला राजाने प्याद्यांच्या आड लपणे शहाणपणाचे असते. शेवटी तेच लपणे कसूर ठरते. स्वतःला सांभाळणे केव्हा संपते आणि फर्ज केव्हा सुरू होतो, हा प्रश्न पटापुरता नाही.

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका हुशार मुलाला आम्ही शिष्यवृत्ती परीक्षेसाठी तयार केले. अब्बा यंत्रमागावर रात्रपाळीला, अम्मी विड्या वळणारी. आम्ही जादा तास घेतले, पुस्तके दिली, पाठ थोपटली. घरी मात्र एकदाही गेलो नाही. परीक्षेच्या तोंडावर अब्बा आजारी पडले आणि मुलगा कामाला लागला. आम्ही शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, "माँ-बाप को तालीम की कद्र नहीं." आज ते वाक्य आठवले की मान खाली जाते. प्यादे आम्हीच रेटले होते, आणि मागे राहिलो होतो तेही आम्हीच.

पंजाबचे मीर सुलतान खान एका सरदाराच्या पदरी होते. त्याच्याबरोबर ते विलायतेला गेले, 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, कापाब्लांकालाही हरवले. 1933 अखेर सरदार परतला आणि त्यांचा तिथला खेळ थांबला. मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो 2024 साली, मृत्यूनंतर 58 वर्षांनी. राजाने पाठ फिरवली की असे होते.

कुणी म्हणेल, मुलाने स्वतःच्या पायांवर चालावे. खरे आहे. राजाही प्याद्याला उचलून नेत नाही. पावले प्याद्याचीच असतात, राजा फक्त पुढची घरे मोकळी करतो.

कडेच्या पट्टीतले प्यादे मात्र या नियमात बसत नाही. समोरचा राजा कोपऱ्यात आधी पोचला, तर आपला राजा पुढे असूनही ते वजीर होत नाही. तिथे एकच इलाज आहे. लवकर निघायचे आणि कोपऱ्याची वाट अडवायची. आमच्या वस्तीतली बरीच मुले कडेची प्यादी आहेत. त्यांच्यासाठी दहावीत जागे होऊन भागत नाही.

म्हणून आता आम्ही जूनमध्येच, पहिलीत नाव घातलेल्या मुलांच्या घरी जातो. रात्रपाळीचे अब्बा झोपलेले असतात. आम्ही ओट्यावर बसून ते उठण्याची वाट पाहतो.