एप्रिलचं ऊन, जानेवारीचा घड

निवांत बसा. खांदे सैल सोडा. एक श्वास सावकाश घ्या, तितकाच सावकाश सोडा. आता मनाने नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यात चला, वाइनच्या द्राक्षांच्या एका बागेत. एका वेलीचं वर्ष आपल्याला तिच्याच चालीने पाहायचं आहे.

एप्रिल आहे. खरड छाटणी झाली आहे, ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, उघडे पडले आहेत. युरोपात कडक हिवाळा वेलीला झोपवतो. आपल्याकडे तशी थंडी नाही. म्हणून छाटणी दोनदा करावी लागते. फुटवे वाढतात, काडी तयार होते. तिच्यावरचा पानाच्या बगलेतला एकच डोळा निवडा आणि त्याच्यापाशी थांबा.

छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड आकार घेऊ लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. या दिवसांत स्वच्छ ऊन मिळालं, तर डोळ्यात घड धरतो. आभाळ सतत भरून राहिलं, तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे आधाराला वळणारा तंतू, येण्याचा धोका असतो. जानेवारीत किती माल निघेल, याचा बराचसा निकाल उन्हाळ्यातच लागलेला असतो.

इथे दोन श्वास घ्या. आज तुमच्या आयुष्यात असं काय घडत आहे, जे दिसायला अजून अवकाश आहे? उत्तर शोधू नका. प्रश्न मनात राहू द्या.

पावसाळा जातो. काडी पिकून तपकिरी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या, म्हणजे गोडी छाटणीची वेळ येते आणि बागाईतदार आभाळाकडे पाहतो. छाटणी लवकर घेतली, तर परतीचा पाऊस नेमका कोवळ्या फुटीवर येऊ शकतो. उशीर केला, तर द्राक्षं पिकताना ऊन तापलेलं असतं. दोन्हीकडे जोखीम आहे, तरी दिवस ठरवावाच लागतो.

आता एक कोवळं पान मनाने हातात घ्या. वरच्या बाजूला पिवळसर, तेलकट डाग आहे. पान उलटा. त्याच जागी खाली पांढरी बुरशी. हा डाऊनी रोग. पानं फार वेळ ओली राहिली की तो पसरतो. म्हणून पावसानंतर बागेत पानं उलटून पाहत फिरावं लागतं. ते पाहणं हेच बागेवरचं प्रेम.

डिसेंबर, जानेवारी. मण्यात पाणी उतरतं, शिराझ जातीचे मणी रंग घेऊ लागतात. कडाक्याच्या रात्री पारा १० अंशांखाली जातो, दुपारी ऊन चांगलं लागतं. उन्हात पानं साखर तयार करतात. उबदार रात्री मण्यातलं आम्ल लवकर खर्ची पडतं, गार रात्री ते टिकतं. वाइनला गोडी आणि आंबटपणा दोन्ही लागतात. त्यांचा तोल या दिवसरात्रीच्या फरकावर अवलंबून असतो.

एक पिकलेला मणी चिमटीत दाबा. गर जवळजवळ बिनरंगाचा, बी तपकिरी. सगळा रंग सालीत आहे आणि बोटांना लागला आहे. जिभेवर आधी गोडी येते, मागून आंबट. या एका मण्यात उन्हाळा, पाऊस आणि थंडी तिन्ही आहेत. सावकाश चाखा.

तोडणी मार्चपर्यंत चालते, शक्यतो पहाटे, मणी गार असताना. पण याच दिवसांत अवकाळी पाऊस येऊ शकतो. मणी तडकतात, घड कुजतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने हातातोंडाशी आलेली पिकं झोडपली. हे दुःखही या मननात येऊ द्या. त्याची लगेच समजूत घालू नका.

बागाईतदाराचा उमदेपणा मला इथे दिसतो. हमी कशाचीच नाही हे पक्कं ठाऊक असूनही तो छाटणीचा दिवस विचार करून ठरवतो, प्रत्येक पान उलटून पाहतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कात्री हाती घेतो. हवामान त्याच्या हातात नसतं. वेळ निवडणं आणि लक्ष ठेवणं असतं, आणि त्यात तो कसूर करत नाही.

तुमच्यासमोरचं एक काम आठवा. त्यातलं तुमच्या हातातलं काय आहे, ते वेगळं काढा. तेवढं आज मन लावून करा.