मुळावरची गाठ

दान आणि दासोह यांत भेद कोणता, हा प्रश्न प्रवचनानंतर भक्तमंडळी वारंवार विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो : जो काही करीत नाही त्यालाही वाढावे काय? आपल्या बेळगाव भागातील बरेच भक्त शेतकरी आहेत. तेव्हा या वेळी उत्तर शेतातच शोधू.

फुलोऱ्यात आलेले भुईमुगाचे रोप मातीसकट खुरप्याने उचलावे. ओढून उपटले तर पाहायची वस्तू जमिनीतच तुटून राहते. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. त्यांतील एक नखाने फोडली की आत लालसर रंग दिसतो. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्ताला लाली देणाऱ्या द्रव्याच्याच कुळातला. या गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, परंतु रोपाला ते जसेच्या तसे घेता येत नाही. हे जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करून रोपाला देतात आणि रोप पानांत तयार झालेल्या अन्नातून त्यांना पोसते. हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन संशोधकांनी १८८८ साली या गाठींचे हे कार्य जगापुढे मांडले. (आपले शेतकरी कडधान्याचा बेवड चांगला म्हणत आले, तो मात्र कोणाच्या प्रबंधावरून नव्हे.) मुळांशी राहणाऱ्या काही बुरश्याही अशाच, मूळ पोहोचत नाही तेथून त्या स्फुरद आणून देतात.

येथवर सर्व गोड आहे. पुढची गोष्ट अवघड.

२००३ साली सोयाबीनवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही गाठींभोवतीच्या हवेतील नत्राच्या जागी आरगॉन वायू भरला. आतले जिवाणू तेच, पण देण्यासारखे त्यांच्यापाशी काही उरले नाही. तेव्हा त्या गाठींचा प्राणवायू रोपाने कमी केल्याचे दिसले आणि त्यांतील जिवाणूंची वाढही खुंटली. जमिनीत नत्र भरपूर असेल, युरिया सढळ हाताने पडला असेल, तर रोप मुळात गाठीच कमी धरते. गरजेपुरतेच घेण्याची ही शिस्त पाहिली की आयदक्की मारय्यांनी जास्तीचे वेचून आणलेले तांदूळ परत करायला लावणाऱ्या लक्कम्मांची आठवण होते.

मग दासोहातही असाच हिशेब ठेवावा, असे कोणी म्हणेल. प्रसादनिलयातील मुलांकडे आणि पंक्तीला बसलेल्या थकल्या-भागलेल्यांकडे बोट दाखवणारे भेटतातच. आम्हाला हा न्याय मान्य नाही. वनस्पतीला दया नाही, तिने दयेचा आव आणलेलाही नाही. प्रयोगातल्या जिवाणूंचा काय दोष होता, हे तिला विचारता येत नाही. माणसाला येते. ज्याच्या वाट्याची हवाच कोणी काढून घेतली आहे, त्याचे अन्न तोडणे हा न्याय नव्हे. शिवाय कोवळी गाठही आतून पांढरीच असते. ती लाल व्हायला दिवस लागतात. विद्यार्थ्यांचे तसेच आहे.

हा न्याय लागू करायचाच, तर तो मुळावर कायम बिऱ्हाड करून बसलेल्याला करावा. भक्त सुगीला ज्वारीची, शेंगांची पोती मठात आणून टाकतात. त्यांच्या घामावर जी गाठ पोसली जाते ती मठाची आहे, आमची आहे. पंक्तीतल्या भुकेल्याची चौकशी करण्याआधी भक्तांनी मठालाच विचारावे : या अन्नातून तुम्ही समाजाला परत काय दिले? किती मुले शिकली, किती भांडणे मिटवली? असे विचारण्यात गुरूचा अवमान होतो, असे आम्ही मानत नाही. निकामी गाठही बाहेरून टपोरी दिसू शकते. फोडल्याशिवाय आतला रंग कळत नाही.